दोन आठवड्यांनंतर काय?

‘एड्सच्या रुग्णाच्या मेंदूतला लिम्फोमा हा पुस्तकातला आजार. आपल्याकडे मेंदूत गाठ म्हणजे टीबी, नाहीतर टॉक्सो.’ नांदेड-लातूरकडे या विषयावर बोलायला जा, हे उत्तर तयार असतं. पुढचे प्रश्नही त्याच्या पाठोपाठ येतात. लिम्फोमा असलाच, तर मणक्यातल्या पाण्यात एप्स्टीन-बार विषाणू शोधण्याची चाचणी इथे करणार कोण? तिचे पैसे भरणार कोण? आणि निदान झालं म्हणून त्या माणसाचं पुढे होणार काय? तेव्हा टॉक्सोच्या गोळ्या द्या, टीबीचा कोर्स सुरू करा, सूज उतरायला डेक्सामेथासोन द्या. लागू पडलं तर देव पावला. नाही पडलं तर नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगा, ‘घरी न्या, सेवा करा.’

असं म्हणणारी माणसं निष्काळजी नाहीत. एचआयव्हीचा रुग्ण म्हटला की वॉर्डात खाट मिळत नव्हती, त्या काळापासून यांतल्या कित्येकांनी या रुग्णांची नाडी हातात धरली आहे. त्यांच्या शब्दाला इथे वजन आहे, आणि म्हणूनच तो खोडून काढणं भाग आहे. माझ्या मते हे म्हणणं आज टिकत नाही. ते ज्या काळात बरोबर होतं तो काळ संपला, आणि त्या काळाच्या सवयीपायी वाचू शकणारी माणसं जाताहेत.

त्यांचं जे बरोबर आहे ते आधी मान्य करतो. सीडी-फोर (प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींची मोजणी) शंभराच्या खाली गेलेला रुग्ण फिट येऊन किंवा एका बाजूची शक्ती जाऊन दाखल झाला, एमआरआयमध्ये कडीसारखी चमकणारी गाठ दिसली, की पहिला संशय टॉक्सोप्लाझ्मा आणि क्षयाच्या गाठीचाच घ्यायला हवा. मराठवाड्यात तर क्षयाचा आधी. टॉक्सोचे उपचार बायोप्सीची वाट न पाहता सुरू करणं हीसुद्धा जगभर मान्य झालेली रीत आहे. ज्यांना ते औषध लागू पडतं, त्यांतल्या दहापैकी नऊ जणांत दोन आठवड्यांच्या आत फरक दिसतो. पण या रीतीचा उत्तरार्धही पुस्तकात त्याच पानावर छापलेला असतो: दोन आठवड्यांत फरक दिसला नाही, तर निदान पुन्हा तपासा आणि लिम्फोमा शोधा. आपण पूर्वार्ध पाठ केला आणि उत्तरार्ध गाळला. माझं भांडण त्या गाळलेल्या भागाशी आहे.

‘आपल्याकडे दिसत नाही’ हा त्यांचा सगळ्यांत भक्कम मुद्दा. त्याला आधार आहे तो मुंबईचा. ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. रुग्णालयातल्या डॉ. डी. एन. लांजेवार आणि सहकाऱ्यांनी एड्सने गेलेल्या ८५ जणांच्या मेंदूंची शवविच्छेदनातून केलेली तपासणी १९९८ साली प्रसिद्ध झाली. त्यात वरचे मान होते टॉक्सो, क्षय, क्रिप्टोकॉकस आणि सायटोमेगॅलो या संसर्गांचे. अमेरिका-युरोपात एड्सच्या रुग्णांमध्ये मेंदूतल्या लिम्फोमाचं जे प्रमाण त्या काळात सांगितलं जात होतं, त्याच्या जवळपासही भारतातले आकडे जात नव्हते. बंगळुरूच्या निम्हान्समधलं कामही त्याच दिशेने बोट दाखवत होतं.

हे अभ्यास मोलाचे आहेत. पण ते कधीचे आहेत ते पाहा. भारतात सरकारी एआरटी (एचआयव्हीला रोखणारी औषधं) १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली. त्याआधी इथला एचआयव्ही रुग्ण क्षयाने, क्रिप्टोकॉकसच्या मेंदूज्वराने, जुलाबांनी आणि उपासमारीने लवकर जात होता. मेंदूतला लिम्फोमा सहसा सीडी-फोर पन्नासच्या खाली उतरल्यावर येतो, आणि त्या पातळीवर काही काळ जगलेल्या माणसालाच तो गाठतो. आपले रुग्ण तिथवर पोचतच नव्हते. दुसऱ्या आजारांनी त्यांना आधीच नेलं होतं. आता तसं नाही. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख एचआयव्हीबाधित होते आणि त्यांतले ३.९४ लाख महाराष्ट्रात, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. बहुसंख्य औषधांवर नीट जगतात. उरतात ते उशिरा कळलेले आणि औषध सुटलेले. कंधार-मुखेडकडून ऊसतोडीला गेलेला, हंगामभर एआरटी केंद्रापासून दूर राहिलेला मजूर घ्या. भिवंडीला किंवा हैदराबादला कामाला गेलेला आणि तिथे नाव न नोंदवलेला माणूस घ्या. गोळ्या खाऊन कंटाळलेली, जन्मापासून बाधित असलेली विशीतली मुलगी घ्या. यांचा सीडी-फोर घसरतो, पण आता कोट्रायमोक्साझोल मिळतं, टीबीचं निदान लवकर होतं, आणि ही माणसं घसरलेल्या पातळीवरही महिनोन्‌महिने जगतात. लिम्फोमाला लागते ती मुदत आपणच आता पुरवतो आहोत, आणि ते चांगलंच आहे. फक्त त्याचा अर्थ समजून घ्यायला हवा.

टाटा मेमोरियलचं काम या वादात कोणी आणत नाही, म्हणून मी आणतो. तिथे २००१ ते २००५ या काळात आलेल्या २५१ एचआयव्हीबाधित कर्करुग्णांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यात नॉन-हॉजकिन लिम्फोमाचं प्रमाण एरवीच्या कर्करुग्णांच्या तुलनेत कितीतरी पट जास्त होतं. हे सगळे मेंदूतले नव्हेत, पण लिम्फोमा भारतीय एचआयव्ही रुग्णाच्या वाटेला जात नाही, हा समज तिथेच निकालात निघाला होता.

आणि नांदेड-लातूरचं काय? इथे एड्सने गेलेल्या किती जणांचा मेंदू शवविच्छेदनात उघडला जातो? दोन आठवड्यांनी न सुधारलेल्या किती जणांची बायोप्सी होते? जे. जे.च्या लोकांनी उघडून पाहिलं आणि मग सांगितलं की कमी आहे. आपण न उघडताच त्यांचं वाक्य उसनं घेतलं. मृत्यूच्या दाखल्यावर ‘हृदय व श्वसन बंद’ लिहिलं की नोंदवहीत लिम्फोमा येणार तरी कुठून?

आता एप्स्टीन-बार विषाणूकडे येतो, कारण मणक्यातल्या पाण्यात तो शोधण्याची चाचणी म्हणजे शहरी डॉक्टरांची हौस असं ज्यांना वाटतं, त्यांना या विषाणूचा आणि या गाठीचा संबंध किती घट्ट आहे ते बहुधा ठाऊक नसावं. १९६४ मध्ये अँथनी एप्स्टीन, बर्ट अचोंग आणि इव्होन बार यांनी आफ्रिकेतल्या मुलांच्या बर्किट लिम्फोमात हा विषाणू पाहिला. पुढे कळलं की जगातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या अंगात तो असतो. तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्या. लहानपणी लाळेतून येतो, बी-पेशींमध्ये दडून बसतो, आणि टी-पेशी त्याच्यावर जन्मभर पहारा ठेवतात. एड्समध्ये हा पहारा उठतो. मग विषाणू ज्या बी-पेशीत बसला आहे तिला सतत वाढत राहण्याचे इशारे देत राहतो, आणि मेंदूत, जिथे मुळातच पहारा विरळ, तिथे गाठ उभी राहते.

१९९१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या गटाने ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, की एड्सच्या रुग्णांच्या मेंदूतल्या लिम्फोमाचे २१ नमुने तपासले आणि २१ च्या २१ मध्ये हा विषाणू सापडला. एड्समध्येच मेंदूबाहेर होणाऱ्या लिम्फोमांत तो साधारण निम्म्यांत असतो. प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या माणसाच्या मेंदूतल्या लिम्फोमात तर सहसा नसतोच. कर्करोगाच्या जगात एका गाठीचा एका विषाणूशी इतका पक्का संबंध क्वचितच मिळतो. दोन वर्षांनी इटलीतल्या पाओला चिंक्वे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की या रुग्णांच्या मणक्यातल्या पाण्यात पीसीआरने विषाणूचा डीएनए पकडता येतो, म्हणजे कवटीला भोक न पाडता गाठीचा माग लागू शकतो. हे १९९३ साली. मराठवाड्यात अजून ‘नवीन चाचणी आहे, बघू’ असं ऐकायला मिळतं.

आता ज्या गोष्टीचा मला सगळ्यांत जास्त राग येतो तिच्याकडे वळतो, ती म्हणजे स्टेरॉइड.

डेक्सामेथासोन मेंदूची सूज उतरवतं, हे सगळ्यांना माहीत आहे. ते लिम्फोमाच्या पेशींना थेट मारतं, हे पाठ्यपुस्तकात असूनही आपल्या वॉर्डात विसरलं जातं. काही दिवसांत गाठ आकसते, कधी स्कॅनमध्ये दिसेनाशीही होते. आता चित्र डोळ्यांसमोर आणा. रुग्णाला टीबीचा कोर्स आणि डेक्सामेथासोन एकाच दिवशी सुरू झालं. दहा दिवसांनी तो बोलायला लागला, हात उचलायला लागला. केसपेपरवर लिहिलं गेलं: ‘ट्यूबरक्युलोमा, एटीटीला प्रतिसाद.’ म्हणजे क्षयाची गाठ, टीबीच्या औषधांना दाद देणारी. घरचे पेढे घेऊन आले. दीड-दोन महिन्यांनी स्टेरॉइड हळूहळू कमी करून बंद झालं, आणि गाठ दुप्पट होऊन परत आली. आता निदान काय होतं? औषधाला दाद न देणारा टीबी. किंवा एआरटी सुरू झाल्यावर प्रतिकारशक्ती उसळल्याचा परिणाम. पुन्हा स्टेरॉइड, पुन्हा चार दिवसांची सुधारणा. आणि या टप्प्यावर कोणी हिकमतीने बायोप्सी केलीच, तर स्टेरॉइडने पेशी विरघळलेल्या असल्यामुळे पॅथॉलॉजिस्टला स्लाइडवर मेलेलं ऊतक आणि थोडी सूज एवढंच दिसतं. अहवाल येतो, ‘निश्चित निदान शक्य नाही.’ मग म्हणायचं, पाहिलंत, बायोप्सीचाही काही उपयोग नाही!

क्षयाची गाठ, टॉक्सोची गाठ, लिम्फोमा: स्टेरॉइडने तिन्हींत रुग्ण बरा दिसतो. तेव्हा स्टेरॉइड चालू असताना दिसलेल्या सुधारणेवरून तिन्हींतलं एकही निदान पक्कं होत नाही. ‘औषध देऊन पाहिलं आणि कळलं’ या पद्धतीचा पायाच तिथे निखळतो. मेंदू खाली सरकण्याची भीती असेल तर स्टेरॉइड द्यावंच लागतं, त्यात प्रश्न नाही, जीव आधी. पण डोकं थोडं दुखतं म्हणून, ‘कव्हर’ म्हणून, सवय म्हणून दिलेलं स्टेरॉइड निदानाची दारं एकामागून एक लावत जातं. शिवाय विनाकारण सुरू झालेल्या टीबीच्या कोर्समधलं रिफाम्पिसिन एआरटीतल्या डोल्युटेग्रॅव्हिरची रक्तातली पातळी खाली आणतं आणि त्याचा डोस दुप्पट करावा लागतो. दुसरा डोस द्यायचा राहिला, तर ज्या औषधावर या माणसाचं सगळं अवलंबून आहे तेच पांगळं होतं.

चाचणीच्या विरोधकांशी एवढं बोलल्यावर तिच्या भाबड्या समर्थकांशीही दोन शब्द बोलायला हवेत, कारण त्यांच्यामुळेही ती बदनाम होते. ‘ईबीव्ही’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी घेऊन नातेवाईक बाहेरच्या लॅबमध्ये जातात आणि रक्तातल्या अँटिबॉडीचा अहवाल घेऊन येतात: आयजीजी पॉझिटिव्ह. तो पॉझिटिव्ह येणारच. चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांचाही येईल. नव्वद टक्के माणसांत जे सापडतं, त्यावरून मेंदूतल्या गाठीचं निदान होत नाही. या अहवालावर खर्च झालेला रुपया वाया गेलेला असतो.

मणक्यातल्या पाण्यातल्या पीसीआरचंही तसंच. नुसतं ‘सापडला’ एवढं पुरेसं नाही. प्रतिकारशक्ती ढासळलेल्या माणसाच्या पाण्यात, दुसऱ्या कुठल्या संसर्गामुळे आलेल्या पेशींबरोबर हा विषाणू थोडाफार उतरतो. २००८ च्या एका दक्षिण आफ्रिकी अभ्यासात, ज्यांच्या पाण्यात तो सापडला त्यांतल्या दहात एकालाच लिम्फोमा निघाला. पण तिथेच, मिलिलीटरमागे १०,००० प्रतींहून जास्त अशी अट लावल्यावर चुकीचे पॉझिटिव्ह फार कमी झाले. म्हणून मोजणारी चाचणी हवी. आकडा हवा, आणि तो आंतरराष्ट्रीय एककात हवा. जागतिक आरोग्य संघटनेचं त्यासाठीचं प्रमाण २०११ पासून उपलब्ध आहे. तो आकडा इतर गोष्टींशेजारी ठेवून वाचायचा असतो. गाठ एकच आणि चार सेंटिमीटरहून मोठी आहे का? मेंदूतल्या पोकळीला चिकटून, किंवा दोन अर्ध्यांना जोडणाऱ्या पट्ट्यातून पलीकडे गेली आहे का? टॉक्सोची आयजीजी निगेटिव्ह आहे का? रुग्ण टॉक्सो टाळणारं कोट्रायमोक्साझोल नियमित घेत होता का? सीडी-फोर पन्नासच्या आत आहे का? या सगळ्यांचं उत्तर ‘हो’ असेल आणि विषाणूचा आकडाही मोठा असेल, तर टीबीचा कोर्स नऊ महिने रेटत बसण्याला काही आधार उरत नाही.

ज्याच्या मेंदूवर गाठीचा दाब मोठा आहे, त्याच्या पाठीत सुई घालता येत नाही. हेही खरं. तिथे पाण्याची चाचणी बाद होते आणि प्रश्न थेट बायोप्सीचा उरतो. पण काहींची चाचणी करता येत नाही म्हणून कोणाचीच करायची नाही, हा तर्क मला कधी कळला नाही.

‘इथे मशीन कुठे आहे?’ हा प्रश्न २०२० पूर्वी रास्त होता. त्या वर्षी लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत, नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, आणि नांदेडच्याच स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात कोविडसाठी आरटी-पीसीआर उभं राहिलं. हजारो नमुने तपासणारे तंत्रज्ञ इथे तयार झाले. एप्स्टीन-बार हा डीएनए विषाणू आहे, म्हणजे कोरोनासाठी करावी लागणारी आरएनएपासून डीएनए बनवण्याची पायरीही यात नाही. रिअल-टाइम पीसीआरचं तंत्र तेच. लागतात ती किट, प्रमाण नमुने, आणि हे काम आपलं आहे असं म्हणणारा एक मायक्रोबायॉलॉजिस्ट.

मला विचाराल तर दोन्ही गावांत वेगवेगळी चाचणी सुरू करण्याचा हट्टही नको. वर्षाकाठी मोजके नमुने येतील, आणि मोजक्या नमुन्यांवर प्रयोगशाळेचा हात बसत नाही. अख्ख्या मराठवाड्यासाठी एक जागा ठरवा, किंवा मुंबईला पाठवा. एक-दोन मिलिलीटर पाणी थंड डब्यात पाठवायचं आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये तहानलेल्या लातूरसाठी मिरजेहून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास रेल्वेने पाणी आणणाऱ्या राज्याला ही कुपी उलट दिशेने नेणं जड जावं? व्हायरल लोडसाठी एआरटी केंद्रांतून रक्ताचे नमुने दूरच्या प्रयोगशाळांत नियमित जातातच. त्याच डब्यात आणखी एक कुपी मावते.

बायोप्सीबद्दल बोलताना आवाज खाली जातो. ‘एचआयव्हीच्या पेशंटच्या डोक्याला हात कोण लावणार?’ या प्रश्नात मेंदूतल्या रक्तस्रावाची भीती असते आणि सर्जनची स्वतःची भीतीही असते. पहिली भीती खरी आहे आणि तिचा हिशेब रुग्णागणिक करावा लागतो. दुसरीला आता कायद्याने जागा ठेवलेली नाही. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, आणि बाधित आहे म्हणून उपचार नाकारणं त्यात बेकायदा आहे. सुई टोचलीच तर घ्यायची प्रतिबंधक औषधं सरकारी यंत्रणेत मिळतात. शस्त्रक्रियागृहातली काळजी प्रत्येक रुग्णासाठी सारखीच घ्यायची असते, कारण ज्याची चाचणी झालेली नाही तो निगेटिव्ह असतोच असं नाही.

ऊतक हाती आलं, की विषाणू शोधण्याची सगळ्यांत विश्वासार्ह रीत उघडते: ईबर. विषाणूने दडून बसलेल्या पेशीत स्वतःच्या दोन छोट्या आरएनएंच्या प्रचंड प्रती, पेशीमागे दहा लाखांपर्यंत, तयार केलेल्या असतात. मेणाच्या ब्लॉकमधून कापलेल्या पातळ चकतीवर त्यांना चिकटणारा रंगीत प्रोब टाकला, की गाठीच्या पेशींची केंद्रकं गडद उमटतात. पाण्यातल्या पीसीआरला विषाणू कुठून आला ते सांगता येत नाही. ईबर मात्र गाठीच्या पेशीकडे बोट दाखवतं, वाट चुकून आलेल्या शेजारच्या पेशीकडे नव्हे. आणि यासाठी ब्लॉक प्रवास करू शकतो. लातूरहून टाटाला कुरिअरने जाऊ शकतो.

अट एकच, की ब्लॉक नीट बनलेला हवा. इथे आपली खरी दुबळी जागा आहे आणि तिच्यावर कोणी बोलत नाही. आरएनए नाजूक असतो. ऊतक तासन्‌तास सलाइनमध्ये पडून राहिलं, बफर नसलेल्या जुन्या फॉर्मॅलिनमध्ये टाकलं, दिवसेंदिवस तसंच ठेवलं, तर आरएनए तुटतो आणि विषाणू असूनही अहवाल निगेटिव्ह येतो. म्हणून सोबत पेशीच्या स्वतःच्या आरएनएची नियंत्रण चाचणी हवी. तीही निगेटिव्ह आली, तर समजायचं की ब्लॉक बिघडलेला आहे आणि अहवालाला अर्थ नाही. शस्त्रक्रियागृहातल्या सिस्टरांच्या हाताशी ताज्या बफर्ड फॉर्मॅलिनची बाटली ठेवायला किती खर्च येतो? त्या बाटलीअभावी मुंबईतली उत्तम प्रयोगशाळासुद्धा आंधळी होते.

शेवटचं हत्यार म्हणून बाहेर काढलं जातं ते वाक्य: ‘निदान झालं तरी तो वाचणार नाही.’

नव्वदच्या दशकात ते खरं होतं. एआरटी नव्हती, रेडिएशन देऊनही हे रुग्ण काही महिन्यांत जात होते. आज या लिम्फोमाच्या उपचाराचा पाया एआरटी हाच आहे, कारण उठलेला पहारा तीच परत बसवते. त्याच्या जोडीला मोठ्या डोसातलं मेथोट्रेक्सेट आणि रिटुक्सिमॅब. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने अशा १२ रुग्णांचा अनुभव २०२० मध्ये प्रसिद्ध केला. पाच वर्षांनी जिवंत असण्याचं प्रमाण दोन तृतीयांशांच्या आसपास होतं. बाराच रुग्ण, तेही तिथल्या सोयींत. मी त्यावरून नांदेडला तोच निकाल लागेल असं म्हणणार नाही. मोठ्या डोसाचं मेथोट्रेक्सेट म्हणजे रक्तातली पातळी मोजणं, मूत्रपिंडावर डोळा ठेवणं, वेळेवर ल्युकोव्होरिन देणं, आणि ते तालुक्याच्या गावी जमणारं काम नाही. पण मेथोट्रेक्सेट जुनं आणि स्वस्त औषध आहे, लातूरच्या विवेकानंद रुग्णालयात कर्करोग विभाग आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, आणि राष्ट्रीय कर्करोग ग्रिडमुळे टाटातल्या तज्ज्ञांशी केसची चर्चा व्हिडिओवर होऊ शकते. ‘वाचणार नाही’ म्हणण्याआधी यांतलं एक तरी दार ठोठावलं का, एवढं तरी आपण विचारावं.

‘हे वाचणार नाहीत’ हे वाक्य या मातीने आधीही ऐकलं आहे. २००७ मध्ये रवी बापटले यांनी औसा तालुक्यातल्या हासेगावच्या माळावर एचआयव्हीबाधित मुलांसाठी सेवालय उभं केलं, तेव्हा या मुलांना शिकवून करायचं काय असं म्हणणारे कमी नव्हते. त्यातली मुलं मोठी झाली, शिकली, कामाला लागली, काहींची लग्नं झाली. आता ती तरुण आहेत आणि आयुष्यभर गोळ्या घेणार आहेत. वीस-तीस वर्षांत कोणाच्या ना कोणाच्या गोळ्या कधीतरी सुटतील, कोणाचा तरी सीडी-फोर कोसळेल, एखाद्याला फिट येऊन रात्री लातूरच्या अपघात विभागात आणलं जाईल. त्याला टीबी की टॉक्सो एवढ्याच दोन पर्यायांत बसवायचं का? एआरटी सुरू करताना आपण या मुलांना जो शब्द दिला, त्यात मेंदूतल्या गाठीचं कारण शोधणंही येतं असं मी मानतो.

यासाठी नवी योजना नको. सीडी-फोर दोनशेच्या खाली असलेल्यांसाठी राष्ट्रीय कार्यक्रमात टीबी आणि क्रिप्टोकॉकस शोधण्याच्या पायऱ्या आहेतच. त्यात महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्थेने मेंदूतल्या गाठीची पायरी घालावी. स्टेरॉइड सुरू करण्याआधी शक्य असेल तिथे मणक्यातलं पाणी काढून एक कुपी राखून ठेवावी. स्टेरॉइड द्यावंच लागलं तर तारीख आणि डोस केसपेपरच्या पहिल्या पानावर लिहावा. चौदाव्या दिवशी पुन्हा स्कॅन व्हावा. गाठ कमी झाली नसेल तर राखलेली कुपी विषाणूच्या मोजणीला जावी आणि रुग्ण न्यूरोसर्जनकडे. बायोप्सी झाली तर ईबर मागितल्याशिवाय अहवाल पूर्ण धरू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मेंदूची शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन बसतात. पण कर्करोगाच्या पॅकेजसाठी कर्करोग सिद्ध करणारा अहवाल जोडावा लागतो, आणि ‘ट्यूबरक्युलोमा?’ असं प्रश्नचिन्हासकट लिहिलेल्या केसपेपरवर ते पैसे मंजूर होत नाहीत.